शेवटच्या कडव्यातलं नाव

भाऊ,

परवा, तुम्ही गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला लोकांनी तुमचं म्हणून जे गाणं मागितलं, ते तुमचं नव्हतं. तुम्ही असतात तर ताडकन उठून माझ्या हातातला माइक ओढला असतात आणि "माझं नाही ते, किती डाव सांगू?" म्हणून सगळ्यांसमोर माझ्याकडे डोळे वटारले असते. पण तुमच्या जागी तुमचा फोटो होता. त्याच्यापुढे मेणबत्त्या, बाजूला पांढऱ्या चादरीवर तुमची पेटी. फोटोतला माणूस काही बोलेना, म्हणून मलाच बोलावं लागलं. तिथे काय झालं ते तुम्हांला सांगायला बसले आहे. पण एकदम तिथूनच सुरुवात केली तर तुम्हीच म्हणाल, आधी ठेका तर धर.

भाषणं करणाऱ्यांनी तुमचा जन्म, नोकरी, गाणी, सत्कार, सगळं सांगून झालंय. त्यातलं मी काही सांगणार नाही. एका वक्त्यानं तुम्हांला "अत्यंत मृदुभाषी" म्हटलं तेव्हा कुसुमवहिनींनी आणि मी एकाच वेळी एकमेकींकडे पाहिलं. तुम्ही जाऊन आठवडा झाला नव्हता, रडून रडून वहिनींचा चेहरा सुजला होता, तरी त्यांनी पटकन तोंडाला पदर लावला. लोकांना वाटलं, हुंदका आला. मृदुभाषी म्हणे! माझ्या सुरावरून तुम्ही मला जे जे बोललात, ते त्या वक्त्याला ऐकवायला हवं होतं.

आपली पहिली भेटही काही गोड नव्हती. मी तेव्हा नुकती लग्न होऊन नागपूरच्या नंदनवन वस्तीत आले होते आणि घरी ब्लाउज शिवायची. अस्तर घ्यायला गांधीबागेत यायचे. तुम्ही तिथे एका ठोक दुकानात गादीवर बसून गिऱ्हाइकांना कापड दाखवायचात, हे मला माहीत होतं. तुम्ही कोण, हे माहीत नव्हतं. त्या दिवशी मी उभ्या उभ्या जयंतीला ऐकलेलं एक गाणं गुणगुणत होते. तुम्ही पांढऱ्या अस्तराचा तागा उलगडता उलगडता, मान वर न करता विचारलंत, "हे कोनाले सांगून राहिली वं, बाई?"

मी म्हटलं, "कोनाले नाही जी. असंच म्हनून राहिली."

"असंच नाही म्हनाचं. गानं वाया जाते." मग कात्री खाली ठेवून म्हणालात, "शेवटच्या कडव्यात नाव येते ना, कोनाचं येते ते?"

"हिरामण का कोन ते."

"तो का कोन म्हंजे मीच होय."

मी इतकी ओशाळले की अस्तर न घेताच निघाले. तुम्ही हाक मारून परत बोलावलंत, अस्तर हातात दिलंत आणि म्हणालात, रविवारी घरी ये, नवऱ्याले घेऊन ये, वहिनी घरीच असते. तुमच्या गायन पार्टीत गाणारी बाई तेव्हा नुकतीच लग्न होऊन पुण्याकडे गेली होती आणि तुम्ही आवाज शोधत होता, हे नंतर वहिनींनी सांगितलं. तुम्ही कधी कबूल केलं नाहीत. तुमचं म्हणणं, मला अस्तराचं माप सांगता येत नव्हतं म्हणून दया आली.

आपल्या पार्टीची रीत जगावेगळी होती. बाकीच्या पार्ट्या नवं गाणं बसवायचं तर आधी पेटी-ढोलक काढतात, स्पीकर लावतात, गल्ली गोळा करतात. तुमच्याकडे नवं गाणं पहिल्यांदा स्वयंपाकघरात म्हणायचं, तेही वाजवण्याशिवाय, आणि एकाच माणसासमोर. तो एक माणूस म्हणजे वहिनी. त्या भाजी निवडत बसायच्या. मेथी असो, अंबाडी असो, त्यांचे हात चालू असायचे आणि आपण समोर पाटावर बसून म्हणायचं. तुम्ही दाराला टेकून गाणं ऐकायचात असं मला सुरुवातीला वाटे. नंतर कळलं, तुम्ही गाणं ऐकतच नव्हता, वहिनींचे हात पाहत होता. हात थांबले की गाणं पोचलं. नाही थांबले तर तुम्ही एवढंच म्हणायचात, "कोनाले सांगून राहिली?" आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. वहिनींच्या हातांनी माझ्याकडून किती जुड्या निवडेपर्यंत गाऊन घेतलं असेल! तुमच्या घरची भाजी मात्र नेहमी स्वच्छ निवडलेली असे.

"एकाले सांगता आलं तर हजाराले सांगता येते," तुम्ही म्हणायचात. "हजाराले सांगाले गेलं की कोनालेच सांगनं होत नाही. मंग भाषन होते."

आणि दुसरी तुमची गोष्ट म्हणजे ते नाव. आपल्या गाण्यांत शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं, ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. सांगे अमका, म्हणे तमका. मी ते एक सजावट म्हणून म्हणायची, साडीला काठ असतो तसं. एकदा घाईत मी शेवटचं कडवं गाळलं आणि सरळ धृपदावर आले. कार्यक्रम संपल्यावर टेम्पोत तुम्ही मला धरलंत. "ते नाव म्हंजे सही नोहे, सुजाता. ते जामीन आहे. उद्या कोनी उठून विचारलं, हे कोन म्हनलं रे, तर म्यां पुढं याचं. म्हनून नाव टाकाचं. तू ते गाळलं म्हंजे मले पळवून लावलं." तेव्हापासून मी तुमचं नाव कधी गाळलं नाही. वर्षानुवर्षं वस्त्यावस्त्यांत, विहाराविहारांत, लग्नांत, नामकरणांत मी "सांगे हिरामण" म्हणत आले. आमचे हे चिडवायचे, "उखान्यात माझं नाव घ्याले लाजते, आन भाऊचं रोज माइकवर घेते." तुम्हांला हे सांगितलं तेव्हा तुम्ही इतके हसलात की तुम्हांला ठसका लागला.

ते सगळं तसंच चाललं असतं आणि मी त्यात सुखी होते. पण एकदा धरमपेठेतल्या एका सभागृहात आपला कार्यक्रम झाला आणि कॉलेजातली एक मुलगी मोबाइल धरून माझ्यासमोर आली. "मॅडम, एक कलाकार म्हणून तुमचा मेसेज काय आहे?" मला कोणी पहिल्यांदाच मॅडम म्हटलं होतं. मी छाती फुगवून सुरू झाले. समाजानं एक झालं पाहिजे, शिकलं पाहिजे, व्यसनं सोडली पाहिजेत, मुलीला मुलासारखं वाढवलं पाहिजे. सगळं बरोबरच होतं. मुलगी खूश झाली. तुम्ही मागे पेटीचा भाता बांधत होता. बाहेर आल्यावर म्हणालात, "चांगलं बोलली वं. हे तर कोनीबी बोलल. तुले काय म्हनाचं आहे?"

मी म्हटलं, "मले हेच म्हनाचं आहे."

"हे मले म्हनाचं आहे. तुले काय म्हनाचं आहे?"

त्या वाक्यानं मला नंतर सुखानं मशीन चालवू दिलं नाही. शिवताना, पोळ्या लाटताना, मुलाला शाळेत सोडताना एकच. मला काय म्हणायचं आहे? आणि काही म्हणायचंच नसेल तर? चांगला आवाज असलेला माणूस म्हणजे दुसऱ्याच्या पाण्याला नळ, एवढंच का मी? ह्याची मला भीती बसली, भाऊ. तुम्हांला मी ही भीती कधी बोलून दाखवली नाही. तुम्ही काहीतरी टोचून बोलाल आणि ती खरी ठरेल असं वाटायचं.

मग मी गाणी रचायला लागले. सूर्य आणला, मशाल आणली, तुटलेल्या साखळ्या आणल्या. तुमच्याकडे घेऊन आले की तुम्ही दोन ओळी ऐकून हात वर करायचात. "हे माझंच ब्लाउज आहे. फक्त अस्तर बाहेर करून घातलं." रागानं मी घरी येई आणि पुन्हा मशाल पेटवी.

कुलरचं गाणं मी रचायला बसलेच नव्हते. उन्हाळा सुरू झाला होता. ह्यांनी माळ्यावरून कुलर काढला, जुना वाळा उपसून नवा भरला, पंप लावला, आणि पहिल्यांदा बटण दाबल्यावर ओल्या वाळ्याचा तो वास घरभर झाला. मी मशीनवर होते. पाय थांबला. मला आमची लहानपणची खोली दिसली. आई दवाखान्यात आया होती. आमच्या गल्लीत पहिला कुलर आमच्याकडे आला. पत्र्याचा, जुनाच, चालू झाला की ट्रकसारखा आवाज करायचा. तो लावला त्या दिवशी आईनं दारात उभं राहून सगळ्या गल्लीला हाका मारल्या. या वं, बसा वं, हवा घ्या. एवढीशी खोली, आणि त्यात म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, परीक्षेची पुस्तकं घेऊन आलेल्या पोरी. कोणी नवीन दारात आलं की आई म्हणायची, "सरका थोडं थोडं, एक मानूस बसते अजून." आणि स्वतः बसायची उंबऱ्यावर, जिथे हवेचं नावही येत नव्हतं. तोंडावर घाम आणि हसू. आमच्या घरातली एखादी गोष्ट घ्यायला लोक येतात, ह्याचं तिला किती अप्रूप होतं ते मला त्या वयात कळलं नव्हतं.

मी मशीनवर बसल्या बसल्या म्हटलं,

माय म्हने, या वं बाया,
कुलर लावला नवा;
वाळा ओला एका घरी,
साऱ्या गल्लीले वं हवा.

संध्याकाळपर्यंत सगळं गाणं झालं. रविवारी पाटावर बसून वहिनींसमोर म्हटलं आणि पहिल्याच कडव्याला त्यांचे हात थांबले. त्या म्हणाल्या, "माय वं, आमच्या घरीबी असंच होतं." मी विजयी मुद्रेनं दाराकडे पाहिलं. तुमचं तोंड कडू.

"लोकं जागं व्हाले येतात," तुम्ही म्हणालात, "आन तू त्याइले हवा घालतं? झोपतीन न ते."

"काहून, आपल्या गान्यात नेहमी दुखलंच पाहिजे का? आपल्या घरी कधी काही चांगलं झालंच नाही का?"

"झालं. पन शेवटी काय म्हनतं तू? सरकून बसा! सरका म्हनून कोनी सरकत नाही, सुजाता. सरकवा लागते. आपल्या बापजाद्याइनं सरकवलं, म्हनून तू आन मी आज बसून राहिलो."

"आमच्या खोलीत सरकत होते जी."

"ते आपलेच होते. आपले सरकतेत. बाकीच्याइचं सांग."

ह्याचं उत्तर माझ्याकडे आजही अर्धंच आहे. पण त्या दिवशी भांडताना एक गोष्ट झाली, ती मला पुढे फार दिवसांनी लक्षात आली. तुम्ही पहिल्यांदाच "हे माझं आहे" असं म्हणाला नव्हता.

आणि मग ती जयंती. भर उन्हाळ्याची संध्याकाळ, मांडव तापलेला, आणि दोन मोठाले कुलर. दोन्हींची तोंडं पुढच्या सोफ्यांकडे, पाहुण्यांवर. मागे बायाबापड्या पत्रिकांनी वारा घेत होत्या. तुमची दोन गाणी झाली. तुम्ही पेटीवरून माझ्याकडे झुकलात आणि म्हणालात, "म्हन तुझं कुलरचं. पाहून घेऊ एक डाव."

मी म्हटलं. भाऊ, तुम्ही पाहिलंतच. पहिल्या कडव्याला बाया हसल्या, दुसऱ्याला टाळ्या धरल्या. उंबऱ्यावर बसलेल्या आईचं कडवं आलं तेव्हा समोरच्या एका म्हातारीनं डोळे पुसले. हे माझं आहे, हे मला म्हणायचं होतं, आणि हे पोचतंय. त्या आनंदात मी शेवटच्या कडव्यावर आले, डोळे मिटले आणि तोंडातून निघालं,

पानी लढून मिळालं,
हवा देऊ या वाटून;
सांगे हिरामण, बसा
थोडं थोडं सरकून.

मला कळलंही नाही. "वा हिरामणभाऊ!" असा मांडवातून गजर उठला तेव्हा मी डोळे उघडले. तुम्ही पेटीवर हात तसेच ठेवून माझ्याकडे पाहत होता. तुमच्या आयुष्यात तुमचा सूर चुकलेला मी तेवढाच एकदा ऐकला. आणि त्याच गोंधळात मागची चार पोरं उठली, पुढे आली आणि त्यांनी एका कुलरचं तोंड ढकलत ढकलत बायांकडे फिरवलं. पाहुणे पाहतच राहिले.

टेम्पोत बसल्या बसल्या तुम्ही नावाचं काढाल म्हणून मी जीव मुठीत धरून बसले होते. तुम्ही आधी भांडणाचंच काढलंत. "पाह्यलं? सरकवा लागला कुलर."

मी म्हटलं, "गानं ऐकून सरकवला."

"चार पोट्टे उठले म्हनून सरकला."

"काहून उठले ते?"

घर येईपर्यंत हेच. पुढे कितीतरी वर्षं हेच. दोघांनाही आपण जिंकलो असं वाटत होतं, आणि वहिनींना दोघंही बिनडोक वाटत होतो.

पण त्या नावानं तुमची जी फजिती केली, तिच्यावर मी आजही हसते. ज्या गाण्याला तुम्ही नाक मुरडलंत, त्यानंच तुमचं नाव नागपूरभर केलं. दुकानात गिऱ्हाइकं म्हणायची, भाऊ, काय गानं रचलं कुलरचं! लग्नात वरबाप फर्माइश करायचे. तुम्ही म्हणायचात, ते माझं नाही, आमच्या सुजाताचं आहे. लोक म्हणायचे, पाहा, केवढा मोठा मानूस, श्रेय घेत नाही. जितकं नाकारावं तितके तुम्ही थोर होत गेलात. मग माझ्यावर तोफ. "मले खोट्यात पाडलं तू. जे मी म्हनलं नाही त्याचा मी जामीन काहून राहू? नाव बदल."

नाव बदलणं सोपं होतं. सांगे हिरामण काढायचं, सांगते सुजाता घालायचं. चालीत फुलासारखं बसतं. मी पाटावर बसून वहिनींसमोर म्हणायची, सगळं गाणं नीट जायचं, आणि त्या दोन शब्दांशी आले की आवाज खाली बसायचा. दुसऱ्याच्या घरात परवानगीशिवाय शिरल्यासारखा. स्टेजवर तर मी तिथे पोचले की हमखास "हिरामण"च म्हणून मोकळी व्हायची. तुम्ही पेटी आपटायचात.

एका रविवारी तुम्ही शांतपणे विचारलंत. इतक्या शांतपणे तुम्ही कधी बोलत नसल्यामुळे मला धडकीच भरली. "हे गानं तू कोनाले सांगून राहिली?"

मी खोटं बोलले नाही. म्हटलं, "तुमाले."

"मले काहून?"

"तुमी एकडाव बरं म्हना म्हनून."

वहिनींनी भाजीचं ताट बाजूला सारलं. मग तुम्ही म्हणालात, "मले नको सांगू बेटा. मले तर पटलंच नाही. माझ्यापाशी उभी राहून माझंच बरं-वाईट पाहत राहिली, तर तुझं नाव तुझ्या तोंडातून कसं निघल?"

मला इतका राग आला की मी काही दिवस तुमच्याकडे फिरकलेच नाही. शेवटी वहिनींचा फोन आला. "ये न वं. मानूस भिंतीशी भांडून राहिला." मी आले. तुम्ही जसं काही झालंच नाही तसं म्हणालात, सूर लाव.

तुमच्या आजारपणात मी आले तेव्हा खोलीत नवा कुलर घरघरत होता आणि तुम्ही दोन चादरी पांघरून पडला होता. "तोंड तिकडं कर त्याचं," म्हणालात. "तुह्या गान्यातली हवा मले सोसत नाही." त्यातही थट्टा. मी कुलर वहिनींकडे वळवला आणि खाली बसले. तुम्ही म्हणालात, म्हन. कोणतं, ते विचारावं लागलं नाही. मी म्हटलं. शेवटचं कडवं आलं, माझं नाव आलं, आणि आवाज पुन्हा थोडा दबला. तुम्ही डोळे मिटून पडला होता. मला वाटलं, आता तरी. आता हा माणूस मला एक शब्द देईल.

"शेवटचं कच्चं आहे अजून," तुम्ही म्हणालात.

घरी येताना स्कूटीवर मी तुमच्याशी मोठमोठ्यानं भांडत होते. सिग्नलला शेजारचा माणूस माझ्याकडे पाहायला लागला, तरी थांबले नाही. काय गेलं असतं एक "छान" म्हटलं असतं तर? आजारी माणसं किती गोड बोलतात, सगळ्यांना माफ करतात, आणि हे महाराज पडल्या पडल्या कडवं तपासतात!

त्यानंतर थोड्याच दिवसांत तुम्ही गेलात. वहिनींचा निरोप आला तेव्हा मी कोणाच्या तरी लग्नाचं ब्लाउज शिवत होते. मी हूक लावत राहिले. सगळे हूक लावून झाल्यावर रडले.

आता तुम्हांला सांगते, तुम्ही समोर असतात तर हे माझ्या तोंडून निघालं नसतं. बरं झालं तुम्ही छान म्हणाला नाहीत. तुम्ही उदारपणे म्हणू शकला असतात, मी त्यावर जन्मभर जगले असते, आणि ते गाणं तुमच्या "छान"चं झालं असतं. माझ्यावर प्रेम करणारी माणसं मला खूप मिळाली, भाऊ. न पटलेलं पटलं न म्हणणारे फक्त तुम्ही. दुकानात अस्तर घ्यायला आलेल्या एका पोरीला काहीतरी म्हणायचं असेल, असं तुम्ही धरून चाललात. तिला स्वतःला ते वाटत नव्हतं तेव्हापासून धरून चाललात. पटत नसलेलं गाणं तुम्ही तुमच्या मंचावर म्हणू दिलंत, वर पेटीही वाजवलीत, आणि चांगली वाजवलीत. मी तुमची फार फार ऋणी आहे. हे मी कधी म्हटलं नाही. तुम्ही ऐकून घेतलं नसतं.

तर परवाचं.

वंदना झाली, भाषणं झाली, आणि मग गाणी. तुमची पेटी कोणी वाजवली नाही, नुसत्या ढोलकीवर म्हटलं. मी तुमचीच गाणी घेतली आणि "सांगे हिरामण" जिथे जिथे आलं तिथे मोठ्यानं म्हटलं. तुम्ही आता पुढे येऊ शकत नाही, म्हणून तेवढ्यापुरती मी तुमच्या वतीनं उभी राहिले. चौथं गाणं झालं आणि मागून एक जण ओरडला, "भाऊचं कुलरचं म्हना!" मग सगळेच. बाया, पोरं, सगळे. भाऊचं कुलरचं, भाऊचं कुलरचं.

तुमच्या फोटोसमोर, तुमच्या लोकांसमोर, तुम्ही गेल्याच्या आठवड्यात, शेवटच्या कडव्यात माझं नाव घालायचं? लोक म्हणतील, माणूस गेला आणि हिनं गाणं लाटलं. तुमचं नाव घातलं असतं तर कोणालाच काही खटकलं नसतं. उलट आणखी चार जण रडले असते. वहिनींकडे पाहिलं. त्या खाली पाहत होत्या. हो नाही की नाही नाही.

मी सुरू केलं. सवयीप्रमाणे कोणाला सांगायचं ते शोधायला लागले. तुमच्या फोटोकडे पाहिलं नाही, मुद्दाम. मांडवाच्या तोंडाशी एक बाई उभी होती, काखेत लेकरू, आत यावं की येऊ नये अशी. जागा नव्हती. मी तिला सांगायला लागले. माझी आई कशी हाका मारायची, कुलर कसा ट्रकसारखा वाजायचा, उंबऱ्यावर कोण बसायचं, सगळं त्या एकीला सांगितलं. शेवटचं कडवं कधी आलं मला कळलं नाही. मी तिलाच म्हणत होते,

सांगते सुजाता, बसा
थोडं थोडं सरकून.

आवाज दबला नाही, भाऊ. मला नंतर लक्षात आलं की दबला नाही.

टाळ्या पडल्या नाहीत. मांडवात चुळबुळ झाली. दुसऱ्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत उभे राहिले. तुमच्या बरोबरीचे असतील. आवाज कडक.

"बाई, चुकलं तुमचं. तिथं हिरामणभाऊचं नाव आहे. आमी वर्षानुवर्षं ऐकून राहिलो. भाऊ गेले म्हनून नाव बदलता का?"

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. मी माइक तोंडाजवळ नेला.

"नाही जी," मी म्हटलं. "भाऊचं नाही ते. भाऊले तर हे गानं पटलंबी नव्हतं. चुकून माह्याच तोंडातून त्याइचं नाव निघालं होतं, आन ते लोकाइले सांगून सांगून थकले. हे मी म्हनलं आहे. माझं आहे."

ते गृहस्थ काठी मांडीला टेकवून खाली बसले.

"असं का?" ते म्हणाले. "मंग पयलेपासून म्हना पुन्हा. आमी भाऊचं समजून ऐकलं."

आणि भाऊ, मी पहिल्यापासून म्हटलं.